अभ्यासक्रमात नसलेला ठेका

देहिगहपिटियच्या सरकारी शाळेत नाच शिकवणाऱ्या यसवती टीचरचं घर खालच्या आळीत होतं, आणि आमच्या गावात एवढं सांगितलं की पुढचं कुणी विचारत नसे. खालच्या आळीत बेर वाजवणारी माणसं राहत. बेर म्हणजे आमच्याकडचा ढोल. लग्नाला तो लागतो, विहारात पूजेला लागतो, माणूस गेला तरी तोच लागतो. वाजवणाऱ्याला मात्र ओसरीच्या आत कुणी घेत नाही. हल्ली तोंडानं जातीचं नाव काढायची पद्धत राहिलेली नाही. "ती माणसं" असं म्हणतात आणि हनुवटी खालच्या आळीकडं वळवतात. तेवढ्यानं काम भागतं.

यसवतीचा बाप रणकिरा. पंचक्रोशीत त्याच्या तोडीचा वाजवणारा नव्हता. लोक त्याला समोर गुरुन्नान्से म्हणत, म्हणजे गुरुजी, आणि बसायला चटई टाकत. खुर्ची कधीच नाही. त्याबद्दल त्यानं जन्मात तक्रार केली नाही. "खुर्चीत बसलं की बेर मांडीवर नीट बसत नाही," म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. पोरगा सिरिवंस पाच वर्षांचा झाला तसं त्याच्या हातात बेर दिलं. यसो, म्हणजे यसवती, त्याहून लहान, आणि मुलगी. मुलीनं बेराला हात लावायचा नाही असा दंडक. आढ्याला टांगलेल्या बेराखालची जमीन ती रोज झाडायची, तेवढाच तिचा संबंध.

ती सहावीत गेली त्या वर्षी शाळेत नाच हा विषय आला. कँडीहून सरकारनं एक टीचर पाठवल्या. घरी बाप जे शिकवत नव्हता ते आता सरकार फुकट शिकवणार होतं. पहिल्याच दिवशी गुडघे वाकवून, हात छातीसमोर धरून मुली रांगेत उभ्या राहिल्या. यसोच्या एका बाजूला जुन्या मुखियाची नात, दुसऱ्या बाजूला वैद्यांची लेक. कुणाचेच गुडघे पुरेसे वाकले नव्हते. टीचरनी तिघींना एका दमात झाडलं. पुढं हे सांगताना यसवती टीचरचे डोळे दरवेळी भरून यायचे. म्हणायची, "तिघींना सारख्याच शिव्या बसल्या हो. शाळा म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं."

पुढं कलाशिक्षकांच्या कॉलेजातून शिकून ती परत आपल्याच शाळेत लागली. स्थळं येत. मुलाकडची माणसं चहा पीत, तळलेले गोड कावुम खात, टीचरची नोकरी पक्की आहे का विचारत. मग घराण्याचं पूर्ण नाव विचारत आणि कप अर्धा ठेवून उठत. असं दोनचारदा झाल्यावर तिनं कावुम तळणंच बंद केलं. आई आधीच गेली होती. घरात बाप आणि ती, आणि शाळेत नाच.

शाळेतला नाच मात्र दम धरेना. सहावीपासून मुलांनी एक कला निवडायची: चित्रकला, गाणं, नाटक की नाच. चित्रकलेचा वर्ग भरून वाहायचा. गाण्याला पेटीवाले सर होते, तिथं डॉक्टरांची पोरं जायची. नाचाला खालच्या आळीतली चार मुलं आणि एक वाट चुकून आलेला. मुलं कमी झाली की जागा बंद, हे वरच्या ऑफिसचं म्हणणं. आणि जागा बंद झाली तर गावातल्या पोरींना पुन्हा बेराखालची जमीन झाडण्यापलीकडं काही नाही, हे यसवतीला स्वच्छ दिसत होतं. म्हणून ती घरोघर फिरली. अबेकोन बाईंच्या वाड्यासारख्या थोरल्या घरीही गेली.

"बस ना." बाईंनी कोपऱ्यातल्या बुटक्या बाकाकडं बोट केलं. तो बाक कुणासाठी असतो ते दोघींना ठाऊक होतं.

"उभीच बरी आहे. नाचणारी माणसं आम्ही, बसलो की गुडघे धरतात," यसवती हसून म्हणाली. "तुमच्या इसुरुला नाचाच्या वर्गात पाठवा. हात चांगला आहे त्याचा. डबा वाजवताना ऐकलंय मी."

"नाच चांगलाच आहे गं. टीव्हीवर मीसुद्धा बघते. पण आमच्या घरात आजवर कुणी..."

"हा शाळेतला नाच आहे. पेपर असतो, मार्क असतात. ओ लेवलच्या परीक्षेत ए मिळाला की तो गणितातल्या ए इतकाच दिसतो कागदावर."

मार्कांचं ऐकून बाईंचा आवाज जरा उतरला. "आणि बेर वाजवायला लावशील, त्याचं काय?"

"नाचापुरतं. मंगल, सणासुदीचं. दुसरं काही नाही."

"दुसरं काही नाही ना? नीट सांग."

"दुसरं काही नाही," यसवतीनं शब्द दिला.

इसुरु आला तशी थोरल्या घरातली आणखी मुलं आली. वर्ग वाढला. आता नाचाला बेर हवं, आणि वाजवणाऱ्याची जागा काही सरकारनं दिली नव्हती. तेव्हा रणकिरा रोज सकाळी पांढरा सारोंग नेसून, बेर खांद्याला लावून लेकीच्या मागं शाळेत येऊ लागला. पगार नाही. लोकु सर, म्हणजे हेडमास्तर एकनायक, भला माणूस. त्यांनी खुर्ची पाठवली. रणकिरानं ती मुलांच्या पिशव्या ठेवायला घेतली आणि स्वतः चटईवर बसला. मुलं त्याला बेर-सीया म्हणू लागली, म्हणजे बेरवाले आजोबा. ज्या घरांच्या ओसरीवर तो पायरीशी बसत आला, त्याच घरांची नातवंडं त्याच्या अंगाखांद्यावर पडून म्हणत, "सीया, मला आधी!" म्हातारा विरघळून गेला होता. इतकं सुख त्याला पेलत नव्हतं, आणि सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

एका दुपारी यसवती शिक्षकांच्या खोलीत पेपर तपासत होती. व्हरांड्यात मुलांचा सराव संपला होता. इसुरु म्हणाला, "सीया, हे सगळं झालं आमचं. आता आणखी काय येतं तुम्हाला?"

"आणखी काय? अरे, खरं अवघड ते राहिलंच की."

"दाखवा ना मग!"

"तीन भाग असतात त्याचे," म्हातारा बेर पुढं ओढत सांगू लागला. "पहिला घराचा. माणूस गेलाय, पण अजून घरात आहे, असं गावाला सांगायचं. दुसरा वाटेचा, उचलून निघाले की. तिसरा सरणाचा. गुडघाभर चिखलात उभा असलेला माणूससुद्धा नुसतं ऐकून सांगतो, आता कुठवर पोचलं. एकेका हाताला वजन किती ठेवायचं, तेच खरं शिकायचं. ऐका."

आणि त्यानं शाळेच्या व्हरांड्यात बसून मरणाचं बेर वाजवायला घेतलं.

शेतात लावणी करणाऱ्या बायका कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. नाक्यावरच्या दुकानदारानं रिवाजाप्रमाणं अर्ध्या फळ्या लावून टाकल्या. एकजण तर धावत घरी जाऊन पांढरा सदरा घालून आला. बघता बघता शाळेच्या फाटकाशी पन्नासेक माणसं गोळा झाली. कोण गेलं, कोण गेलं, एकच गलका. कुणीतरी म्हणालं, लोकु सरांना परवापासून छातीत दुखत होतं. तेवढ्यात हातात अर्धा बन घेऊन लोकु सर स्वतःच बाहेर आले, तर एक म्हातारी त्यांना बघून रडायलाच लागली. आपण जिवंत आहोत हे गावाला पटवताना सरांच्या तोंडाला फेस आला.

यसवती आवाज ऐकताच धावत आली होती. तिनं बेरावर पंजा ठेवला. "बस, अप्पच्चि!" ती बापावर ओरडली.

"अगं, आत्ता कुठं घराचा झाला. वाटेचा..."

"बस म्हणते ना!"

गाव आठवडाभर हसलं. अबेकोन बाई हसल्या नाहीत. दुसऱ्याच दिवशी त्या शाळेत आल्या आणि लोकु सरांसमोर यसवतीला म्हणाल्या, "तू शब्द दिला होतास. आमच्याकडं कुणी गेलं तर तुमची माणसं येतील आणि वाजवतील, आजवर आलीच आहेत. माझा मुलगा कुणाच्या दारात मढ्यापुढं वाजवणार नाही." मागोमाग बाकीचे पालक आले. कुणी गाणं मागितलं, कुणी चित्रकला. वर्ग महिन्याभरात निम्मा झाला. लोकु सर हात चोळत म्हणाले, "टीचर, मी तुमच्या बाजूचा आहे. पण ही जागा गेली तर परत मिळायची नाही."

संध्याकाळी रणकिरा पायरीवर बसून गुळाच्या खड्याबरोबर कोरा चहा पीत होता. यसवती त्याच्यासमोर उभी राहिली.

"अप्पच्चि, शाळेत ते पुन्हा नाही."

"बरं."

"कधीच नाही. मुलांनी पाय धरले तरी नाही."

"बरं म्हटलं ना." तो खडा चघळत राहिला. "शाळेत चांगलं चांगलं तेवढंच शिकवायचं, कळलं मला. मग मी मेल्यावर काय गं? त्या पोरांकडून लग्नाचं वाजवून घेणार?"

"तोंडाला काही धरबंध? अय्याला येतं सगळं. तो आहे की."

"अय्या!" म्हातारा एवढंच म्हणाला आणि उरलेला चहा अंगणात फेकला.

अय्या, म्हणजे थोरला भाऊ सिरिवंस, कोलंबोत बँकेत होता. वर्तमानपत्रात जाहिरात देऊन त्यानं नाव बदललं होतं, आणि नव्या नावावरून कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. त्याच्या मुलांना आजोबा शेतकरी आहेत असं सांगितलेलं. एप्रिलच्या नव्या वर्षाला तो यायचा, व्हॅन नाक्यावर उभी करून खालच्या आळीत चालत यायचा, नारळाच्या दुधातला किरिबत भात खाऊन दुपारीच निघायचा. त्याला नावं ठेवायला सगळ्यांना आवडतं. पण कोलंबोत घर शोधताना, मुलांना शाळेत घालताना त्यानं काय काय ऐकलं असेल, ते नावं ठेवणाऱ्यांनी ऐकलेलं नाही.

यसवती पुन्हा घरोघर फिरली, हातापाया पडली, नव्यानं शब्द दिला. मुलं परतली. इसुरुही परतला. आणि मग नाचाचा वर्ग असा काही फुलला की आसपासच्या शाळा बघायला येऊ लागल्या. अखिल लंकेच्या स्पर्धेत मुलांनी बक्षीस आणलं. नाचासाठी नवं सभागृह बांधून मिळालं. उद्घाटनाला लोकु सरांनी रणकिराला हाताला धरून पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसवलं. सगळा वेळ तो खुर्चीच्या अगदी कडेवर, गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. घरी आल्यावर म्हणाला, "पाठ भरून आली गं." पण ते सांगताना तो खूश होता, यात शंका नाही.

बेर सगळ्या गावाचं झालं, हे यसवती मोठ्या तोऱ्यात सांगायची, आणि ते खरंच होतं. मुखियाच्या घरात बेर, वैद्यांच्या घरात बेर. तिनं त्याला लागलेलं सगळं जुनं धुऊन काढलं होतं. ती चुकली असं आज म्हणणं फार सोपं आहे.

त्या वर्षांत खालची आळी हळूहळू रिकामी झाली. कुणी आखातात गेलं, कुणी फौजेत, पोरी शिवणकामाच्या कारखान्यात. मरणाचं बेर वाजवणारे रणकिरा आणि त्याचा एक चुलतभाऊ उरले. चुलतभाऊ अर्धांगानं अंथरुणाला खिळला. रणकिराचेही हात थरथरू लागले. तरी कुणी गेलं की तो जायचा, हळू वाजवायचा, आणि लोक त्याच्या चालीनं चालायचे.

तो गेला एसलाच्या महिन्यात. झोपेतच गेला. आमच्याकडं यासारखी वाईट वेळ नाही. त्या दिवसांत कँडीला बुद्धाच्या दाताची मोठी मिरवणूक असते आणि मुलुखातला हात धड असलेला प्रत्येक बेरवाला तिथं गेलेला असतो. एकदा मिरवणुकीसाठी कंबर बांधली की मरणाच्या घरात पाऊल टाकायचं नाही. सुतक लागलं तर मिरवणूक बाटते. यसवतीनं नात्यातल्या एकेकाला फोन केले. पलीकडून सगळे रडले आणि सगळ्यांनी तेच सांगितलं, "अक्का, रागावू नको. आमचा गुरू गेला, पण आम्हाला येता येत नाही."

ज्यानं गावातल्या प्रत्येक माणसाला वाजवत पोचवलं, त्याला मुक्यानं न्यायचं? यसवतीच्या डोक्यात तेवढी एकच गोष्ट फिरत होती.

अंत्यविधीच्या दिवशी रस्त्यावर पांढऱ्या पताका लागल्या. सिरिवंस बायकोबरोबर आला, या वेळी व्हॅन दारापर्यंत आणून. मागोमाग त्याच्या बँकेतले चारपाच लोक आले. यसवतीनं त्याला विहिरीमागं गाठलं.

"अय्या, तूच वाजव."

"वेड लागलंय का तुला? ऑफिसची माणसं आलीत."

"अप्पच्चिसाठी. एकदाच."

त्यानं विहिरीच्या कठड्याला हात टेकले. "मला आठवत नाही, यसो. खरंच आठवत नाही गं." ते खरं की खोटं, तिला कळलं नाही. त्याच्या डोळ्यांतलं पाणी मात्र खरं होतं.

शाळेची मुलं पांढऱ्या गणवेशात रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी रांग करून उभी होती. अबेकोन बाई फुलं घेऊन आल्या. खालच्या आळीतल्या अंगणात त्या जन्मात पहिल्यांदाच येत होत्या. कुणीतरी दिलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या, पुढं केलेला चहासुद्धा घेतला. भिक्खूंचं पठण झालं, पांढरं वस्त्र दान झालं, आता उचलायचं एवढंच राहिलं. तेव्हा इसुरु रांग सोडून पुढं आला. ओठांवर मिसरूड फुटलेला उंच पोरगा झाला होता तो.

"टीचर, सीयांना असंच न्यायचं? बेर द्या. मी वाजवतो."

यसवतीनं आधी त्याच्या आईकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. अबेकोन बाईंनी कप खाली ठेवला.

"वाजवू दे त्याला," त्या म्हणाल्या. "सीयांनीच शिकवलंय ना त्याला."

एवढी वर्षं जे ऐकायला यसवतीनं जिवाचं रान केलं होतं, ते तिनं त्या अंगणात ऐकलं. तिला ओरडून रडावंसं वाटलं.

"त्याला नाही येत," ती म्हणाली. "एवढंच शिकवलं नाही त्याला. मीच शिकवू दिलं नाही."

मग ती आत गेली, आढ्यावरून बापाचं बेर काढलं आणि पट्टा स्वतःच्या गळ्यात घातला. बाईमाणसानं मढ्यापुढं बेर वाजवल्याचं आमच्या गावात कुणी पाहिलेलं नव्हतं, पण त्या दिवशी एकाचीही जीभ वळवळली नाही.

तिनं वाजवायला सुरुवात केली. हात अगदी बापाचे. लोकांच्या अंगावर काटा आला. शवपेटी उचलली, पताकांखालून माणसं निघाली, आणि बेर तेच वाजत राहिलं, घराचं. आमच्याकडं बायका पूर्वी मसणात जात नसत. लहानपणापासून तिनं मयताच्या घरी बायकांत थांबून जेवढं ऐकलं तेवढंच तिला येत होतं. त्यापुढचं नेहमी वळणापलीकडं जाऊन विरायचं. शाळेत एकदा ऐकायची वेळ आली होती, तेव्हा तिनं पंजा ठेवून थांबवलं होतं.

"अगं पोरी, निघालो की आपण!" मागून शेजारची पोडिअम्मा रडत ओरडली. "वाटेचा वाजव आता. वाटेचा वाजव!"

यसवती मागं न बघता चालत राहिली. सिरिवंस पेटीला खांदा देऊन खाली मान घालून चालला होता. बांध ओलांडला, ओढा ओलांडला, सरण आलं, आग दिली, तरी तिचे हात घराचाच ठेका धरून होते.

त्याच वेळी वरच्या रस्त्यानं यसवतीचे मामा आणि त्यांच्या गावची दहाबारा माणसं बसमधून उतरत होती. बेर त्यांना नाक्यावर ऐकू आलं. मामांनी कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "अजून घरातच आहे. दमानं चला, गडबड नको." मग ते दुकानात थांबले, पाय धुतले, चहा प्यायले, आणि फुलं सावरत खालच्या आळीत पोचले. अंगणात चिटपाखरू नव्हतं. ओढ्यापलीकडं धूर चढला होता. मामा उंबऱ्यावर बसले आणि लहान मुलासारखे रडले.

उशीर कसा झाला, हे त्यांना नंतर कुणी विचारलं नाही. बेर जे सांगत होतं तेच त्यांनी ऐकलं होतं.